युरोपचा ‘डेसी’ डॅशबोर्ड: क्रमांक गेला, काम वाढलं

नाव ऐकून देशी वाटावं, पण ‘डेसी’ अस्सल युरोपी आहे. ‘डिजिटल इकॉनॉमी अँड सोसायटी इंडेक्स’ची ही आद्याक्षरं. युरोपीय संघातले देश इंटरनेट, डिजिटल कौशल्यं, कंपन्यांमधलं तंत्रज्ञान आणि ऑनलाइन सरकारी सेवा यांत कुठवर आले आहेत, हे मोजणारी ही युरोपीय आयोगाची सेवा. फुकट आहे, लॉग-इन लागत नाही, जाहिराती नाहीत. पुण्यात बसून युरोपीय क्लायंटसाठी मार्केट रिपोर्ट करणारे, स्पर्धा परीक्षेच्या निबंधासाठी आकडा हवा असणारे, जर्मनीला जावं की नेदरलँड्सला या विचारात असलेले, असे बरेच मराठी वाचक कधी ना कधी तिथे पोचतात. आणि त्यातले बरेच चुकीचा आकडा घेऊन बाहेर पडतात. दोष सगळा त्यांचा नाही.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की डेसीची क्रमवारी आता निघत नाही. २०१४ पासून २०२२ पर्यंत प्रत्येक देशाला १०० पैकी गुण मिळायचे आणि त्यावरून पहिला-दुसरा-शेवटचा ठरायचा. २०२३ मध्ये संघाची २०३० सालची डिजिटल लक्ष्यं सांगणारा ‘डिजिटल दशक २०३०’ हा धोरण कार्यक्रम लागू झाला, डेसी त्यात विलीन झाला आणि एकत्रित गुण बंद झाले. उरला तो सुट्या निर्देशकांचा डॅशबोर्ड, आणि सोबत ‘डिजिटल दशकाची स्थिती’ हा वार्षिक अहवाल: पहिला सप्टेंबर २०२३ मध्ये, दुसरा जुलै २०२४ मध्ये, तिसरा जून २०२५ मध्ये. त्यामुळे ‘डेसी रँकिंग २०२४’ असं शीर्षक दिसलं, की ती यादी कुणीतरी घरी बनवली आहे किंवा २०२२ चीच तारीख बदलून आली आहे असं खुशाल समजावं.

क्रमवारी बंद झाली हे चांगलंच झालं. का, ते जुनी गुणपत्रिका उसवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

२०२२ च्या शेवटच्या क्रमवारीत फिनलंड ६९.६ गुणांनी पहिला, डेन्मार्क ६९.३ वर दुसरा, नेदरलँड्स ६७.४ वर तिसरा. संघाची सरासरी ५२.३. तळाला रोमानिया ३०.६, त्याच्या वर बल्गेरिया ३७.७, त्याच्या वर ग्रीस ३८.९. विषय चार, प्रत्येकाला २५ टक्के वजन: मानवी भांडवल (म्हणजे कौशल्यं), कनेक्टिव्हिटी, व्यवसायांमधलं डिजिटल तंत्रज्ञान आणि डिजिटल सार्वजनिक सेवा. रोमानियाचे गुण याच क्रमाने ३०.९, ५५.२, १५.२ आणि २१.०. बेरीज १२२.३, भागिले चार, झाले ३०.६. आता त्यातला दुसरा आकडा बघा. कनेक्टिव्हिटीत रोमानिया २७ देशांत १५ वा होता आणि बाकी तिन्ही विषयांत २७ वा. ‘रोमानिया डिजिटलमध्ये शेवटचा’ या एका वाक्याने त्या ५५.२ वर बोळा फिरतो. ज्याला तिथे कॉल सेंटर टाकायचं आहे त्याला नेमका तोच आकडा हवा असतो.

वरच्या टोकाला गंमत वेगळी आहे. फिनलंडचे चार आकडे ७१.४, ६०.६, ५९.१ आणि ८७.४. डेन्मार्कपेक्षा तो एकूण ०.३ ने पुढे. कौशल्यांचं वजन २५ वरून २० टक्के करा आणि ते पाच टक्के कनेक्टिव्हिटीला द्या. फिनलंड ६९.१ वर उतरतो. डेन्मार्क कनेक्टिव्हिटीत ७७.१ गुणांनी संघात पहिला होता, म्हणजे तो वर सरकतो आणि पहिला येतो. कुठेही एक वायर नवीन पडली नाही, कुणी काही शिकलं नाही, फक्त ब्रसेल्समधल्या एका तक्त्यात दोन आकडे बदलले. चारही विषयांना सारखं वजन द्यायचं हा निर्णय आहे, मोजमाप नव्हे. त्याआधी तो निर्णय वेगळा होता: कनेक्टिव्हिटी २५, कौशल्यं २५, इंटरनेटचा वापर १५, व्यवसाय २०, सरकारी सेवा १५.

जुने अहवाल शेजारी ठेवणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. २०२० च्या डेसीत संघाची सरासरी ५२.६ आणि फिनलंड ७२.३. २०२२ च्या डेसीत सरासरी ५२.३ आणि फिनलंड ६९.६. कोविडमध्ये शाळा, ऑफिस, किराणा सगळं ऑनलाइन गेलेलं असताना युरोप मागे सरकला? अर्थातच नाही. २०२१ मध्ये विषय पाचाचे चार झाले, ‘इंटरनेटचा वापर’ हा अख्खा विषय गळाला (ऑनलाइन बँकिंग, खरेदी, व्हिडिओ कॉल, सगळं त्यात होतं), २०३० च्या लक्ष्यांशी थेट जोडलेल्या निर्देशकांचं वजन दुप्पट झालं आणि ब्रिटन यादीतून गेला. २०२० ची सरासरी २८ देशांची होती, नंतरची २७ ची. आयोग प्रत्येक नव्या आवृत्तीत मागची वर्षंही नव्या पद्धतीने पुन्हा मोजायचा. म्हणून वर्षावर्षांची तुलना करायची तर एकाच आवृत्तीतली मागची मालिका घ्यायची. दोन आवृत्त्यांचे पीडीएफ उघडून वजाबाकी करायची नाही. ही चूक मोठमोठ्या सल्लागारांच्या स्लाइड्सवर दिसते.

गुण कसे पाडले जायचे हेही एकदा समजून घ्या, कारण इतर बऱ्याच निर्देशांकांत तीच युक्ती वापरतात. प्रत्येक निर्देशकाला एक किमान आणि एक कमाल मर्यादा ठरवतात. देशाच्या आकड्यातून किमान वजा करायचं, उरलेल्याला कमाल-किमान फरकाने भागायचं. समजा मर्यादा ० ते १०० आहे, तर ५ टक्के म्हणजे ५ गुण. समजा ० ते १० ठेवली, तर तेच ५ टक्के म्हणजे ५० गुण. मर्यादा कुठे ठेवली हे न पाहता ‘या देशाला ५० मिळाले’ म्हणण्यात अर्थ नाही.

आता डॅशबोर्डकडे. उघडल्यावर तक्त्याचा प्रकार निवडायचा: देशांची तुलना, काळानुसार बदल, एका देशाचं चित्र, किंवा दोन निर्देशक आडव्या-उभ्या अक्षावर ठेवून ठिपक्यांचा आलेख. मग निर्देशकांचा गट, मग निर्देशक, मग फोड (वय, लिंग, शिक्षण, शहरी-ग्रामीण, कंपनीचा आकार), मग एकक, मग कालावधी. क्रम हाच ठेवावा, कारण वरची निवड बदलली की खालचे पर्याय बदलतात. पायरी साधी आहे, पण अडखळायला दोन जागा आहेत. पहिली एककाची. ‘सगळ्या व्यक्तींपैकी टक्के’ आणि ‘गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट वापरलेल्यांपैकी टक्के’ ही दोन एककं शेजारीशेजारी असतात. बल्गेरियासारख्या, इंटरनेट कमी वापरणाऱ्या देशात दुसरं एकक निवडलं की चित्र आपोआप गोजिरं दिसतं. दुसरी अडचण वर्षाची. ‘डेसी २०२५’ असा कालावधी म्हणजे बहुतेक निर्देशकांसाठी २०२४ ची माहिती, आणि काहींसाठी त्याहून जुनी. आकड्यासोबत आवृत्तीचं वर्ष लिहायचं की माहितीचं, हे आधी ठरवा आणि अख्ख्या रिपोर्टभर तेच पाळा.

हे जमलं की खरी मजा सुट्या निर्देशकांत आहे, आणि खरी सावधगिरीही तिथेच.

‘किमान मूलभूत डिजिटल कौशल्यं’ हा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा घ्या. २०२३ मध्ये संघात ५५.६ टक्के लोकांकडे ती होती. नेदरलँड्स ८२.७, फिनलंड ८२.०, रोमानिया २७.७. २०३० चं लक्ष्य ८० टक्के. ऐकून वाटतं कुणीतरी परीक्षा घेतली असावी. परीक्षा वगैरे काही नसते, ही मुलाखत आहे. १६ ते ७४ वयाच्या लोकांना विचारतात की अमुक गोष्ट तुम्ही केली का, आणि बहुतेक प्रश्न गेल्या तीन महिन्यांबद्दलचे असतात. क्षेत्रं पाच: माहिती शोधणं-पारखणं, संवाद, मजकूर वा फाइल तयार करणं, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणं. प्रत्येक क्षेत्रात निदान एक गोष्ट केलेली हवी. पाचपैकी एक क्षेत्र कोरं राहिलं की तो माणूस ‘मूलभूत’च्या बाहेर.

म्हणजे एखादी निवृत्त बाई रोज बातम्या वाचते, नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलते, बँकेचे व्यवहार फोनवर करते (ऑनलाइन बँकिंग इथे ‘अडचणी सोडवणं’मध्ये मोडतं), कुकीजच्या खिडकीत ‘नको’ दाबते. चार क्षेत्रं झाली. पण तिने तीन महिन्यांत एकही दस्तऐवज टाइप केला नाही, फोटो सुधारला नाही, फाइल इकडून तिकडे हलवली नाही. ती बाई गणतीत नाही. उलट ऑफिसात रोज एक्सेल उघडणारा, पण प्रत्येक संशयास्पद लिंकवर टिचकी मारणारा माणूस सहज गणतीत. निर्देशक वाईट नाही. तो विविधता मोजतो, हुशारी मोजत नाही. ‘रोमानियात चारपैकी तिघांना मोबाइल येत नाही’ असं लिहू नका एवढंच.

याच निर्देशकात एक सांधाही आहे. २०१९ चा आकडा ५६ टक्के, २०२१ चा ५४. मधल्या काळात व्याख्या बदलली: आधी क्षेत्रं चार होती, सुरक्षितता नंतर आली. दोन आकडे एकाच रेषेने जोडले की उतार दिसतो, प्रत्यक्षात नुसती मोजपट्टी बदललेली असते. शिवाय कौशल्यांची पाहणी आता विषम वर्षी होते, २०२१, २०२३, २०२५. पाहणीचा निकाल पुढच्या सम वर्षाच्या अहवालात येतो, आणि त्यानंतरच्या विषम वर्षाच्या अहवालात तोच आकडा पुन्हा छापलेला असतो. ‘वर्षभरात प्रगती शून्य’ असा निष्कर्ष काढणारे इथेच पडतात.

फायबरची कथा याहून बोलकी आहे. २०२२ च्या डेसीत जर्मनीत घरापर्यंत फायबर पोचण्याची सोय असलेली घरं सुमारे १५ टक्के, संघाची सरासरी ५०. त्याच पानावर ‘अतिउच्च क्षमतेचं जाळं’ या निर्देशकात जर्मनी सुमारे ७५ टक्के, संघ ७०. एक आकडा सांगतो की जर्मनी मागासलेला, दुसरा म्हणतो सरासरीच्या पुढे. दोन्ही खरे. दुसऱ्या निर्देशकात टीव्हीच्या केबलवरून येणारं नव्या पिढीचं इंटरनेटही धरतात (डॉक्सिस ३.१ हे त्याचं तांत्रिक नाव), आणि जर्मनीतल्या केबल कंपन्यांनी आपली जुनी जाळी त्या मानकावर नेली होती. डाउनलोडचा वेग त्यावर झकास मिळतो, अपलोडचा फायबरच्या पासंगालाही पुरत नाही. घरून मोठ्या फाइली पाठवणाऱ्याने पहिला निर्देशक बघावा, सिनेमे पाहणाऱ्याला दुसरा पुरे.

आणि तळाचा रोमानिया? फायबरमध्ये तो ९० टक्क्यांच्या पार आहे, युरोपात अगदी वरच्या रांगेत. कारण आपल्याकडच्या केबलवाल्यांना चटकन कळेल असं आहे. नव्वदच्या दशकाअखेर आणि पुढे रोमानियात जुनी टेलिफोन कंपनी ढिली होती, म्हणून सोसायट्या-सोसायट्यांत पोरांनी गच्चीवरून गच्चीवर, खांबावरून खांबावर तारा ओढून छोटी जाळी उभी केली. पुढे मोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली, तारांच्या जागी फायबर टाकलं. घरं दाट इमारतींत असल्याने एका जोडणीत अनेक ग्राहक मिळत. जर्मनीत उलट झालं. तांब्याची टेलिफोन लाइन चांगली होती, म्हणून तिच्यातूनच आणखी वेग पिळून काढण्यावर वर्षानुवर्षं पैसा गेला, आणि फायबर टाकायचं तर रस्ता खणून जमिनीखालूनच, तेही महागड्या मजुरीने. जुनं चांगलं असणं हीच अडचण झाली. क्रमवारीच्या एका आकड्यात हे कुठून दिसणार?

५जीबद्दल थोडक्यात: २०२३ अखेर संघातली ८९ टक्के घरं ५जीच्या टप्प्यात होती. हा आकडा प्रभावी आहे आणि फारसा उपयोगाचा नाही, कारण जुन्या ४जीच्या लहरींवर चढवलेलं ५जीही त्यात धरतात. डॅशबोर्डवर ३.४ ते ३.८ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा वेगळा निर्देशक आहे, तो घ्या. त्याच वर्षी तो ५१ टक्के होता. ‘टप्प्यात’ म्हणजे निदान एका कंपनीच्या टप्प्यात, तुमचं सिम त्या कंपनीचं असेलच असं नाही.

कंपन्यांच्या आकड्यांत एक चाळणी लपलेली असते. पाहणी १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांची, वित्तक्षेत्र वगळून. चार माणसांचं दुकान, नवरा-बायकोची बेकरी, एकट्याने काम करणारा डिझायनर, कुणीच त्यात नाही. ग्रीस आणि इटलीसारख्या देशांत अर्थव्यवस्थेचा मोठा हिस्सा असल्याच चिमुकल्या धंद्यांचा असतो, म्हणजे तिथलं वास्तव आकड्यापेक्षा मागे असण्याची शक्यता जास्त. एआय वापरणाऱ्या कंपन्या २०२३ मध्ये ८ टक्के होत्या, २०२४ मध्ये १३.५, डेन्मार्क २७.६, रोमानिया ३.१. ही उडी सनसनाटी वाटते. पण प्रश्नावलीत ‘दिलेल्या तंत्रज्ञानांपैकी निदान एक वापरता का’ एवढंच विचारतात. कारखाना एआयवर चालतो की मार्केटिंगवाली मुलगी त्यावर पोस्ट लिहिते, याचा फरक एकूण टक्क्यात दिसत नाही. कंपनीच्या आकारानुसार फोड काढलीत तर जरा कळतं: मोठ्या कंपन्या फार पुढे, छोट्या मागे, आणि सरासरी छोट्यांकडे झुकलेली, कारण संख्येने त्याच जास्त.

सरकारी सेवांचा विभाग मात्र आम्हाला सगळ्यात आवडतो, कारण इथे कुणाला विचारत बसत नाहीत, स्वतः करून बघतात. प्रशिक्षित लोक ग्राहक बनून घर बदलणं, धंदा सुरू करणं, नोकरी जाणं अशा प्रसंगांच्या सेवा संकेतस्थळावर पायरीपायरीने तपासतात: माहिती सापडते का, अर्ज ऑनलाइन होतो का, ओळख पटवायला डिजिटल ओळखपत्र चालतं का, फॉर्म आधीच भरलेला येतो का. २०२३ च्या माहितीनुसार नागरिकांसाठीच्या सेवांना संघात १०० पैकी ७९, उद्योगांसाठीच्या सेवांना ८५. धंदेवाल्यांना आधी वाट मोकळी, सामान्य माणसाला नंतर, हे चित्र नवं नाही. हा निर्देशक गुणांत असतो, टक्क्यांत नाही. ‘७९ टक्के सेवा ऑनलाइन’ असं लिहिणं चूक.

इथे एस्टोनिया ९१.२ गुणांनी पहिला होता, २०२२ ला. सरकारी खात्यांना जोडणारी एक्स-रोड ही यंत्रणा तिथे २००१ पासून, इंटरनेटवरून मतदान २००५ पासून. तरी एकूण क्रमवारीत एस्टोनिया नववा! ५जीच्या लहरींचा लिलाव वर्षानुवर्षं रखडल्याने कनेक्टिव्हिटीत मार खाल्ला, आणि कंपन्यांचं डिजिटलीकरण सरकारच्या तोडीचं नव्हतं. ‘डिजिटल एस्टोनिया’ ही ख्याती खरी आहे, फक्त ती सरकारची ख्याती आहे. उलट टोकाला जर्मनी: २०१७ च्या कायद्याने ५७५ सेवा २०२२ अखेर ऑनलाइन आणायच्या होत्या, मुदत हुकली. जर्मनीत उतरलेल्या मराठी माणसाला पत्ता नोंदवण्यासाठी, अनमेल्डुंगसाठी, महापालिकेची अपॉइंटमेंट मिळवताना जो अनुभव येतो त्याचं हे मूळ. एक खुलासा मात्र हवा. डॅशबोर्डवरचा ‘सीमापार सेवा’ निर्देशक म्हणजे एका सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात सेवा मिळते का, हे. भारतीय पासपोर्टवाल्याने आपली सोय-गैरसोय त्यावरून ठरवू नये.

आकडे उतरवून घ्यायचे तर एक्सेलमध्ये चार ठिकाणी ठेच लागते. ग्रीसचा दोन अक्षरी संकेत इथे ‘ईएल’ आहे, जागतिक प्रमाणात तो ‘जीआर’. दोन तक्ते जोडले की ग्रीस निमूटपणे गायब होतो आणि सरासरी २६ देशांची निघते. जुन्या माहितीत ब्रिटन ‘यूके’, बाहेर ‘जीबी’, तोच प्रकार. युरोस्टॅट या संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून थेट फाइल घेतली तर आकड्याला चिकटून एखादं अक्षर येतं: ‘बी’ म्हणजे मालिकेत सांधा, ‘यू’ म्हणजे कमी भरवशाचा आकडा, नुसतं विसर्गचिन्ह म्हणजे माहितीच नाही. अक्षर चिकटलं की एक्सेल त्या घराला मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही, तक्रारही करत नाही. अक्षरं उडवून टाकू नका, शेजारच्या स्तंभात हलवा. ‘बी’ हीच तर सगळ्यात मोलाची खूण. चौथी ठेच युरोपीय दशांश स्वल्पविरामाची: संगणकाचं सेटिंग इंग्रजी असेल तर ५५,६ हा आकडा चुकीचा वाचला जाऊ शकतो. फाइल उघडायच्या आधी प्रादेशिक सेटिंग तपासा.

संघाच्या सरासरीबद्दलही गैरसमज आहे. २७ आकड्यांची बेरीज करून २७ ने भागलं की डॅशबोर्डवरचा आकडा येत नाही, कारण कौशल्यांसारख्या निर्देशकांत ती लोकसंख्येनुसार असते. सव्वाआठ कोटींचा जर्मनी आणि साडेपाच लाखांचा माल्टा एका तागडीत बसत नाहीत. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, पोलंड हे पाच हलले की संघ हलतो. ‘अमुक देश सरासरीच्या खाली’ म्हणताना ती सरासरी कुणाची, हे एका ओळीत लिहून टाकावं.

नसलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. मराठी वाचक पहिल्यांदा शोधतो तो डिजिटल पेमेंटचा निर्देशक, कारण आपली डिजिटल ओळख यूपीआयची. पैसे देण्याघेण्याचा असा स्वतंत्र निर्देशक इथे नाही. भारतही नाही. संघाबाहेरच्या देशांशी तुलना करायला आयोगाने ‘आय-डेसी’ काढला होता. २०२० च्या आवृत्तीत चीन, ब्राझील, रशिया, तुर्कस्तान असे १८ बाहेरचे देश होते, भारत त्यात नव्हता. तेव्हा ‘डेसीनुसार भारत कितवा’ याला उत्तर नाही, आणि भारताचे आकडे शोधून डेसीच्या सूत्रात कोंबायचा खटाटोपही करू नये. दहा कर्मचाऱ्यांची चाळणी लावली तर आपला बहुतेक बाजार तिथेच गळून पडेल.

भारतासह तुलना हवी असेल तर संयुक्त राष्ट्रांचं ई-गव्हर्नमेंट सर्वेक्षण बघा. दर दोन वर्षांनी, १९३ देश. २०२४ मध्ये डेन्मार्क पहिला, एस्टोनिया दुसरा, सिंगापूर तिसरा, भारत ९७ वा. सरकारी सेवांपुरतं ते चांगलं आहे, पण त्यात टेलिकॉम आणि शिक्षणाचे उपनिर्देशांकही मिसळलेले असतात, हे विसरू नये. आयएमडी या स्वित्झर्लंडमधल्या बिझनेस स्कूलची डिजिटल स्पर्धात्मकता क्रमवारी २०२४ मध्ये ६७ अर्थव्यवस्थांची होती, सिंगापूर पहिला, भारत ५१ वा; तिचा एक हिस्सा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विचारलेल्या मतांवर उभा असतो. गुंतवणूकदारांच्या भावना कळायला ठीक, वायरी मोजायला नाही. या दोन्हींपेक्षा डेसीचे सुटे आकडे जास्त कसदार आहेत, कारण प्रत्येकाच्या मागे व्याख्या, प्रश्नावली आणि मूळ तक्ता सापडतो. फक्त शोधायचे कष्ट घ्यावे लागतात: डॅशबोर्डवर व्याख्या आलेखाखाली बारीक अक्षरांत असते आणि सविस्तर प्रश्नावलीसाठी युरोस्टॅटवरच जावं लागतं.

आमची वर्गवारी: माहितीचा कस ५ पैकी साडेचार. वापरायची सोय तीन, कारण मोबाइलवर आलेख दाटीवाटीने येतात आणि २७ देशांची नावं एकमेकांवर चढतात; काम लॅपटॉपवरच करा. वर्षावर्षांच्या तुलनेची विश्वासार्हता, सांधे न तपासता वापरलं तर दीड, तपासून वापरलं तर चार. देशवार अहवाल मात्र लांबलचक आहेत आणि सदस्य सरकारं नाराज होऊ नयेत अशा मुत्सद्दी भाषेत लिहिलेले. त्यांतले तक्ते घ्या, परिच्छेद सोडून द्या.

आणि आकडे वापरलेत तर फाइल त्याच दिवशी उतरवून नावात तारीख घालून ठेवा. युरोस्टॅट मागचे आकडेही सुधारत असतो. सहा महिन्यांनी क्लायंटने ‘हा ५५.६ कुठून आला’ असं विचारलं तर स्क्रीनवर त्या जागी वेगळाच आकडा असू शकतो.